बँडच्या मागे मागे

रनरिग हा स्कॉटिश बँड १९७३ साली स्काय बेटावर निघाला. रॉरी आणि कॅलम मॅक्डोनाल्ड हे दोघे भाऊ आणि ॲकॉर्डियन वाजवणारा त्यांचा मित्र ब्लेअर डग्लस, एवढीच तेव्हाची मंडळी. पहिला कार्यक्रम ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये झाला, तोही नॉर्थ यूस्ट बेटावरून शहरात आलेल्या लोकांच्या मंडळासाठी. म्हणजे बेटावरच्या पोरांनी बेटावरच्या लोकांसाठी वाजवलं, लोक नाचले आणि घामाघूम होऊन घरी गेले. इथपर्यंत कुणाला काही खटकू नये. या सगळ्या घरगुती व्यवहारात हॅम्बुर्गचा एक निवृत्त भूमापक कुठून शिरला, हा खरा प्रश्न आहे.

हा भूमापक आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. आमची मुलगी त्याला लहानपणापासून 'वरचे आजोबा' म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. आजोबांच्या सात पिढ्यांत कुणी स्कॉटलंड पाहिलेलं नाही. वडील दूधसंघात हिशेबनीस होते आणि घरात संगीत म्हणजे रविवारी चर्चमध्ये ऐकलेला ऑर्गन. स्वतः आजोबांनी उभी हयात दोन शेजाऱ्यांची कुंपणं मोजण्यात घालवली. त्या कामाची अचूकता अंगात अशी मुरली आहे की जिन्यात भेटले तरी 'गुड मॉर्निंग' म्हणण्याआधी घड्याळ बघून खात्री करून घेतात. अशा माणसाने १९९० च्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या रेडिओवर रनरिगचं, स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं, एक गाणं ऐकलं. एक शब्द कळला नाही. वरच्या आजी सांगतात, "गाणं संपलं तेव्हा हा अर्धवट सोललेला बटाटा हातात घेऊन उभा होता. तो बटाटा शेवटी मीच सोलला. तेव्हापासूनचे सगळे मीच सोलतेय."

त्या दिवसापासून आजोबा रनरिगच्या मागे लागले. बँड जर्मनीत आला की जर्मनीत, डेन्मार्कला गेला की डेन्मार्कला, आणि रजा शिल्लक असली की थेट स्कॉटलंडला. यात ते एकटे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर त्यांना वेड्यात काढणं फार सोपं जाईल. रनरिगला परदेशात जीव टाकणारे श्रोते मिळाले ते मुख्यतः डेन्मार्क आणि जर्मनीत. २०११ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सबंध स्कॉटलंडमध्ये जेमतेम ५७ हजार भरले. पण रनरिगच्या कार्यक्रमात गेलिक गाणं सुरू झालं की खणखणीत आवाज उठायचा तो डॅनिश झेंड्याखालून. बाजूला उभा असलेला ग्लासगोचा माणूस ध्रुवपद येईपर्यंत नुसते ओठ हलवून वेळ मारून न्यायचा, आणि मध्येच अपराधी चेहऱ्याने बिअर आणायला जायचा.

"आजोबा, आजवर एकूण किती कार्यक्रम पाहिले असतील तुम्ही?" असं मी एकदा सहज विचारलं. असले प्रश्न सहज विचारायचे नसतात. आजोबांनी मला बसवलं, कॉफी केली आणि म्हणाले, "आकड्याबद्दल मतभेद आहेत." कोणाचे? तर त्यांचे स्वतःशीच. एका कार्यक्रमाला ते पोचले तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं, कारण वाटेत गाडी बंद पडली होती. तो पाहिलेला धरायचा का? दुसऱ्या एका कार्यक्रमाला ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे होते, पण एकशे दोन ताप होता आणि काहीच आठवत नाही. तो? आजींचं म्हणणं, ताप असलेला धरावा, कारण त्या रात्री गाडी त्यांनी चालवली होती आणि त्यांना सगळं आठवतंय.

आजोबांची एक वही आहे. वही म्हणजे कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर, भूमापन खात्यात असायचं तसलं. प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. तारीख, गाव, सभागृह, आपण कुठे उभे होतो (स्टेजच्या मध्यरेषेपासून डावीकडे की उजवीकडे, किती मीटर), गाण्यांचा क्रम, आणि सर्वांत शेवटी 'विशेष' असा रकाना. तो रकाना हा या वहीचा प्राण आहे. मला त्यांनी मोठ्या मनाने काही पानं वाचून दाखवली. "विशेष: आज 'गुड ईव्हनिंग' ऐवजी 'हॅलो' म्हणाले." "विशेष: पाण्याची बाटली ड्रमच्या डावीकडे. याआधी कायम उजवीकडे." "विशेष: चौथ्या गाण्यात टाळ्या दुसऱ्या कडव्यालाच सुरू झाल्या. अकाली. प्रेक्षक नवखे." "विशेष: निळा शर्ट. ब्रेमेनलाही निळाच होता. तोच का?" या शेवटच्या नोंदीखाली, काही महिन्यांनी वेगळ्या पेनाने लिहिलेलं: "नाही. फोटो ताडून पाहिले. कॉलर वेगळी."

ही वही पाहिल्यावर मला या छंदाचं मर्म कळलं. दौऱ्यावर निघालेल्या कुठल्याही बँडची धडपड एकच असते, की काल त्या गावाला जे दिलं तेच आज या गावाला तसंच्या तसं द्यावं. दिवे ठरलेले, क्रम ठरलेला, दोन गाण्यांमधल्या गप्पाही बऱ्याचशा ठरलेल्या. त्यासाठी ट्रक भरून सामान आणि माणसं सोबत असतात. आणि आजोबा पाचशे किलोमीटर गाडी हाकत जायचे ते काल नव्हतं असं काही आज होतंय का, हे पकडायला. बँड सराईत, आजोबाही सराईत. वर्षानुवर्षं हा सामना बरोबरीत सुटत आला. एखाद्या रात्री बँडकडून क्रमात एक गाणं इकडचं तिकडे झालं, तर आजोबा त्या आनंदात आठवडाभर आजींना भांडी घासू देत नसत, स्वतः घासत. संगीत ऐकायचं राहून जात नाही का, असंही मी विचारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू जमीन मोजायला आलेल्या माणसाला 'तुम्ही सूर्यास्त पाहिला का' असं विचारलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र कार्यक्रमाची नोंद नाही. तिथे वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलं आहे. कोलंबिया अंतराळयानातली लॉरेल क्लार्क ही अमेरिकन डॉक्टर नौदलात असताना काही काळ स्कॉटलंडमध्ये नेमणुकीला होती आणि तिथेच तिला रनरिगचं वेड लागलं. २००३ च्या जानेवारीत अंतराळात एका सकाळी तिला जागं करायला पृथ्वीवरून 'रनिंग टू द लाइट' हे गाणं लावलं गेलं. 'द स्टॅम्पिंग ग्राउंड' या अल्बमची सीडी तिने सोबत नेली होती. १ फेब्रुवारीला यान परतताना आकाशात फुटलं, सातही जण गेले. अवशेषांत ती सीडी सापडली आणि तिच्या घरच्यांनी ती बँडला दिली. हे पान आजोबा वाचून दाखवत नाहीत, फक्त उलटतात. "तिकीट कितीही महाग झालं तरी मी कुरकुर करत नाही, ते हिच्यामुळे," एवढं एकदा म्हणाले होते.

कुठल्याही संप्रदायात फूट असते, तशी इथेही आहे. डॉनी मुन्रो हा रनरिगचा जुना मुख्य गायक. मूळचा चित्रकलेचा शिक्षक, आवाज असा की उघड्या मैदानावरही शेवटच्या रांगेला आपल्याशीच बोलतोय असं वाटावं. १९९७ मध्ये त्याने राजकारणासाठी बँड सोडला. त्याच वर्षी तो मजूर पक्षातर्फे निवडणुकीला उभा राहिला आणि चार्ल्स केनेडींकडून हरला. १९९८ मध्ये त्याच्या जागी ब्रूस गुथ्रो आला, थेट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून. झालं, भक्तांचे दोन तट पडले. आजोबा कट्टर मुन्रोपंथी. त्यांनी नव्या गायकाचे कार्यक्रम एकही न चुकवता पाहिले, पण वहीत त्याचं नाव कधी लिहिलं नाही. 'नवा मुलगा' असाच उल्लेख. 'नवा मुलगा बरा गायला.' 'नवा मुलगा सर्दीत असावा.' वीस वर्षं गायल्यावरही तो नवा तो नवाच. मुलाचे केस पांढरे झाले, आजोबांना पटलं नाही ते नाहीच.

(राजकारणाचा किडा या बँडला जरा जास्तच चावलेला दिसतो. कीबोर्डवाला पीट विशार्ट २००१ मध्ये स्कॉटिश नॅशनल पक्षातर्फे खासदार झाला आणि वर पुन्हा पुन्हा निवडूनही येत राहिला. संसदेत त्याने वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांना घेऊन आणखी एक बँड केला. मजूर पक्षवाला गायक हरला, नॅशनल पक्षवाला कीबोर्ड जिंकला. आजोबा याला निवडणूक म्हणत नाहीत, 'ध्वनिसंतुलनातला दोष' म्हणतात.)

मग बँडने जाहीर केलं की आता पुरे. २०१८ मध्ये 'द फायनल माइल' नावाचा निरोपाचा दौरा आणि शेवटी १८ ऑगस्टला स्टर्लिंगच्या किल्ल्याखाली सिटी पार्कमध्ये अखेरचा कार्यक्रम, 'द लास्ट डान्स'. तिकिटं भराभर संपली, तेव्हा आदल्या दिवशीचा, १७ ऑगस्टचा, आणखी एक कार्यक्रम वाढवला. शेवटच्या कार्यक्रमाच्या आधी आणखी एक शेवटचा. मी आजोबांना धीर द्यायला गेलो. म्हटलं, आमच्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' असं छापलं की प्रेक्षक निर्धास्त होतात. पुढे 'लोकाग्रहास्तव पुन्हा' येतं, मग 'रसिकांच्या प्रचंड प्रतिसादामुळे', आणि नाटक पंधरा वर्षं चालतं. आजोबांनी मान हलवली. "ही माणसं खरं बोलतात," ते दुःखाने म्हणाले. "हाच त्यांच्यातला दोष."

या शेवटच्या वारीला मलाही बोलावणं आलं. कौतुकाने नव्हे. डॉक्टरांनी आजोबांना लांबचा पल्ला एकट्याने चालवायला मनाई केली होती, आजींनी ब्रिटनमध्ये डाव्या बाजूने गाडी हाकायला साफ नकार दिला होता, आणि आमच्या सबंध इमारतीत डाव्या बाजूने गाडी चालवून जिवंत राहिल्याचा अनुभव एकट्या माझ्याकडे होता. "पुण्यात चालवलीत ना तुम्ही?" आजोबांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. भारतीय संस्कृतीचा एवढा आदर मला जर्मनीत दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही.

प्रवासाचा आराखडा तयार होता. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ओस्नाब्र्युक करत हॉलंड. ॲमस्टरडॅमजवळच्या आयमाउडन बंदरातून रात्रीची बोट. सकाळी न्यूकॅसल. तिथून मॅलेगपर्यंत गाडी, मग फेरीने स्काय, आणि परतताना स्टर्लिंग. रनरिगचे स्टुडिओतले अल्बम चौदा. ते १९७८ च्या 'प्ले गेलिक'पासून २०१६ च्या 'द स्टोरी'पर्यंत काळाच्या क्रमाने वाजवायचे आणि शेवटचं गाणं मॅलेगच्या धक्क्यावर संपायचं, असं गणित आजोबांनी बसवलं होतं. कुठल्या किलोमीटरला कुठलं साल, याचा तक्ता आरशाच्या मागे चिकटवला होता. १९८९ चा 'सर्चलाइट' डच हद्दीवर सुरू व्हायला हवा होता. पण ओस्नाब्र्युकच्या अलीकडे ट्रकांची ही लांब रांग लागली आणि 'सर्चलाइट'च्या आधीचं सगळं जर्मनीतच आटोपलं. आजोबा घामाघूम. पुढचा अल्बम लावावा तर हद्द दूर, मागचा पुन्हा लावावा तर इतिहासाशी बेइमानी. शेवटी त्यांनी तोडगा काढला: हद्द येईपर्यंत शांतता. आम्ही काही न ऐकता गेलो. आजी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या रस्त्यावरचं सर्वांत सुंदर संगीत."

आजींबद्दल आता सांगायलाच हवं. त्यांना रनरिग आवडत नाही. नावडतही नाही. त्या आजोबांबरोबर जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला गेल्या आहेत, कानात कापूस आणि हातात पुस्तक घेऊन. पहिल्या रांगेत स्टेजचा उजेड चांगला येतो, त्यामुळे आख्खा टॉलस्टॉय त्यांनी असा वाचून काढला. त्यांचं स्वतःचं एकच स्वप्न होतं: स्पेन. त्यासाठी त्या कित्येक वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकल्या, परीक्षा दिल्या, उत्तम बोलू लागल्या. पण दर उन्हाळ्यात बँड दौऱ्यावर असायचा. "शेवटचा कार्यक्रम होऊ दे," त्या बोटीवर मला हळूच म्हणाल्या, "मग मी आणि समुद्र." आणि पुस्तकात तोंड घातलं. ते पुस्तक स्पॅनिश होतं.

बोटीवर निम्मी गर्दी भक्तांची. डेन्मार्कहून इंग्लंडला जाणारी एस्बियर्गची बोट २०१४ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिकडची मंडळीही याच वाटेने येऊ लागली. सगळ्यांच्या अंगात दौऱ्याचे टी-शर्ट. त्यातही प्रतिष्ठेचा एक नियम आहे: चालू दौऱ्याचा कोरा शर्ट घालणारा नवशिका. खरा मानकरी तो, ज्याच्या शर्टावरचा रंग पूर्ण उडाला आहे आणि नुसत्या विटक्या कापडावरून जाणकारांनी साल ओळखायचं आहे. शर्टाच्या पाठीवर गावांची यादी असते. त्यामुळे ही माणसं भेटल्यावर आधी एकमेकांच्या पाठी वाचतात आणि मग तोंड बघतात. बारमध्ये एक गिटारवाला बिचारा जुनी इंग्रजी गाणी म्हणत होता. मध्यरात्रीपर्यंत त्याने गिटार एका डॅनिश दंतवैद्याच्या हाती दिली होती आणि स्वतः बसून ऐकत होता.

न्यूकॅसलला उतरल्यावर माझी पाळी. रस्ता डावीकडचा, गाडी जर्मन, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडे. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरून कोण येतंय ते मला दिसणार नाही, उजवीकडे बसलेल्या माणसाला दिसणार. आजोबांना तिथे बसवून पाहिलं. ते समोरच्या गाडीचं अंतर मीटरमध्ये सांगायचे, आणि आकडा दुरुस्त करेपर्यंत ती गाडी निघून गेलेली असायची. मग आजी बसल्या. त्या पुस्तकातून डोकं वर न काढता "जा" किंवा "नको" एवढंच म्हणायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

स्कायला जायला १९९५ पासून पूल आहे. पण पुलावरून जाणं आजोबांना पटत नाही, बेटावर पाण्यातूनच जायचं असतं. म्हणून मॅलेगहून आर्मडेलची फेरी. उतरल्यावर थोड्याच अंतरावर 'साव्हल मोर ओस्तेग' हे गेलिक महाविद्यालय लागतं. त्याची स्थापनाही १९७३ ची, रनरिगच्याच वर्षी. आजोबा याला योगायोग मानत नाहीत. तिथे त्यांनी एका उन्हाळ्यात आठवडाभराचा वर्ग केला होता आणि आता बेटावर पाऊल ठेवल्यापासून ते गेलिकमध्येच बोलणार होते. पोर्ट्रीच्या चहाच्या दुकानात ही संधी आली. आजोबा ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि चहा व तीन स्कोन यांची मागणी संथ, शुद्ध गेलिकमध्ये केली. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "सॉरी, मी उन्हाळ्यापुरतीच आलेय, वॅलेन्सियाहून." आजोबा खचले. आजींनी पुस्तक मिटलं. पुढचा अर्धा तास त्या आणि ती मुलगी स्पॅनिशमध्ये अशा काही गप्पा मारत होत्या की दुकानात रांग लागली. स्कोन आम्हाला फुकट मिळाले. आजोबांनी ते खाल्ले, पण मन लावून नाही.

बाहेर मिज होते. हे चिलटासारखे इवलेसे चावरे किडे म्हणजे स्कॉटलंडच्या उन्हाळ्याचे खरे मालक. त्यांच्याविषयी इतकंच सांगतो की ते मुन्रोपंथी आणि गुथ्रोपंथी असा भेद करत नाहीत.

आणि मग स्टर्लिंग. वर कड्यावर किल्ला, खाली हिरवंगार मैदान, आणि मैदानात माणसंच माणसं. दारं उघडायच्या कितीतरी आधी आम्ही रांगेत होतो, कारण आजोबांना मध्यरेषेपासून डावीकडे तीन मीटरवर उभं राहायचं होतं. रांगेत स्कॉटिश माणूस ओळखायची सोपी खूण मला तिथे कळली. किल्ट, लोकरी मोजे, मोज्यात खोचलेला छोटा सुरा, कमरेला केसाळ बटवा, असा संपूर्ण वेष केलेला असेल तर तो जर्मन. जुनी जीन्स आणि पावसाळी जाकीट घालून कुणाचं लक्ष जाऊ नये असा उभा असेल तर तो स्कॉटिश. आजोबांचे गुडघे त्या दिवशी प्रथमच सार्वजनिक झाले.

आमच्या शेजारी एक स्थानिक बाई होत्या, बहिणीने आग्रह केला म्हणून आलेल्या. आजोबांची वही पाहून त्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि म्हणाल्या, "मला त्यांचं 'लॉक लोमंड' माहीत आहे. आमच्याकडे प्रत्येक लग्नात शेवटी लावतात, सगळे गोल करून नवरानवरीला मध्ये घेतात. त्यांची आणखीही गाणी आहेत होय?" आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी मध्ये पडायचं म्हणून विषय बदलला, पण त्या बाईंचं चूक नव्हतं. हे जुनं लोकगीत रनरिगने १९७९ मध्ये आपल्या पद्धतीने रेकॉर्ड केलं, २००७ मध्ये मदतनिधीसाठी फुटबॉलच्या चाहत्यांना घेऊन पुन्हा केलं, तेव्हा ते ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं. कार्यक्रमाच्या शेवटी ते ठरलेलंच. आजोबांच्या वहीत त्याची नोंद 'लॉ. लो.' अशी दोन अक्षरांत असते, विशेष रकाना कोरा.

कार्यक्रम सुरू झाला. आजोबा गाण्यामागून गाणं टिपत होते, छोटा दिवा तोंडात धरून, एका हाताने वही सांभाळत. शेजारच्या डॅनिश बाप्याने आपल्या खांद्यावरचा झेंडा बाजूला केला, म्हणजे प्रकाश नीट पडावा. क्रमात एका जागी आजोबांना काहीतरी अपूर्व आढळलं असावं, कारण ते मान खाली घालून भराभरा लिहू लागले. मागची पानं उलटली, पुन्हा पुढे आले, अधोरेखित केलं. आणि नेमका त्याच क्षणी मैदानातून अशी काही आरोळी उठली की माझ्या छातीत धडकी भरली. स्टेजवर डॉनी मुन्रो येऊन उभा राहिला होता. पाहुणा म्हणून, शेवटच्या कार्यक्रमात, बँड सोडून एकवीस वर्षं झाल्यावर. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. आजोबा तोंडात दिवा धरून लिहीत होते. त्या गर्जनेचीही त्यांनी नोंद केली असावी.

आजींनी पान संपवलं, खूण घातली आणि आजोबांना कोपराने ढोसलं. "तुझा माणूस आलाय," त्या म्हणाल्या.

आजोबांनी वर पाहिलं. तोंडातला दिवा खाली पडला. नंतरच्या गाण्यांची नोंद त्या वहीत नाही. क्रम मी नंतर इतरांना विचारून कागदावर लिहून त्यांना दिला, त्यांनी तो घडी करून ठेवला, पण वहीत उतरवला नाही. 'लॉक लोमंड'ला त्या लग्नवाल्या बाईंनी एका बाजूने आजोबांचा आणि दुसऱ्या बाजूने माझा दंड धरला आणि आमची अशी काही ओढाताण केली की दुसऱ्या दिवशी मला गियर टाकता येईना. आजोबांनी प्रथमच ते गाणं सगळ्यांबरोबर म्हटलं, सुरात नाही, पण मोठ्याने. आणि बाहेर पडताना मला म्हणाले, "नव्या मुलाने, काय त्याचं नाव, गुथ्रोने, त्याला माइक दिला तो किती मानाने दिला, पाहिलंत?"

कार्यक्रमाचं चित्रीकरण पुढच्या वर्षी बाजारात आलं. आजोबांनी ते फ्रेम थांबवून थांबवून पाहिलं. एका ठिकाणी एका सेकंदाच्याही अंशापुरती गर्दी दिसते आणि त्यात एक वाकलेलं डोकं आणि एक उघडं पुस्तक आहे, असं त्यांचं म्हणणं. मला एक धूसर ठिपका दिसला. मी "हो, तुम्हीच" म्हटलं.

रनरिगने शब्द पाळला, पुन्हा वाजवलं नाही. इमारतीत शांतता पसरली. आजींनी स्पेनचे नकाशे टेबलावर पसरले आणि आश्चर्य म्हणजे आजोबा एका शब्दाने आडवे आले नाहीत. उलट म्हणाले, बेत मी आखतो, तू दमलीस. मी आजींना तेव्हाच सावध करायला हवं होतं, पण त्या इतक्या खुशीत होत्या की जीभ रेटेना. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं की दक्षिणेत जुलैमध्ये ऊन फार, आपण जरा वायव्येला जाऊ. गॅलिशिया. समुद्र आहे, मासे उत्तम, हवा थंड. ओर्तिगेइरा नावाचं एक लहानसं गाव आहे, अगदी शांत.

जुलैमध्ये एका रात्री आजींचा फोन आला. मागे इतका गोंगाट होता की आधी मला वाटलं अपघात झालाय.

"तुम्हाला माहीत होतं का?" त्या ओरडून विचारत होत्या. "इथे केल्टिक संगीताचा महोत्सव असतो! १९७८ पासून! सगळीकडून बँड आलेत, रस्त्यात बॅगपाइप, समुद्रावर बॅगपाइप, माझ्या खोलीच्या खिडकीखाली बॅगपाइप!"

"आणि आजोबा?"

"नवी वही घेऊन आलाय. इथल्या कुठल्याशा पोरांचा बँड पसंत पडलाय त्याला. त्यांना इंग्रजी येत नाही, याला स्पॅनिश येत नाही. सकाळपासून मी दुभाषी." मग पलीकडे आजोबांचा आवाज आला, आजी त्यांना काहीतरी म्हणाल्या आणि पुन्हा फोनवर आल्या. "ठेवते आता. यांचा पुढचा कार्यक्रम कुठल्या गावाला आहे ते विचार, म्हणतोय. आणि पहिल्या रांगेला उजेड असतो का, ते माझं मीच विचारणार आहे."